चौदाशे सतरा नंबरची काच

माणसाची जगाबद्दलची समजूत बदलून टाकणारी चित्रं दिसायला बहुधा सुमार असतात. हाताची हाडं दाखवणारं ते पहिलं चित्र धुरकट आहे, आणि त्यात बोटातली अंगठी हाडांपेक्षा ठळक आली आहे. ग्रहणाच्या वेळी सूर्याशेजारचे तारे जागेवरून सरकल्याचं दाखवणाऱ्या काचा पाहिल्या तर कुणीतरी वर मिरपूड सांडली असावी असं वाटतं. आमच्या संस्थेचं चित्रही याच जातकुळीतलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक बारीक पांढरी रेघ, खालून वर निघालेली, मधल्या शिशाच्या पट्टीतून आरपार जाऊन एका बाजूला वळलेली. पाहुण्याला काही न सांगता दाखवलं तर तो विचारतो, "चौकटीची काच तडकली आहे का?"

चौकट सोनेरी होती, वीस बाय चोवीस इंचांची, आणि मुख्य हॉलमध्ये ती तीस वर्षं टांगलेली होती. त्या तीस वर्षांत ते चित्र उलटं होतं. वरचं खाली नव्हे, डावीकडचं उजवीकडे.

यात एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या डब्यात दमट हवा कोंडायची आणि ती एकदम पसरवून गार करायची. अशा वेळी एखादा कण आतून गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची माळ उमटते. भोवती चुंबक असेल तर धन कण एकीकडे वळतो, ऋण कण दुसरीकडे. सगळा खेळ त्या वळणाचा. फोटो उलटवला की धनाचा ऋण होतो. थोडक्यात, ज्या चित्राने 'ऋणच समजला जाणारा हा कण धनही असतो' हे जगाला पहिल्यांदा दाखवलं, त्याची आम्ही मिरवलेली प्रत बरोबर उलटं सांगत होती: नवीन काही सापडलेलं नाही, आपापल्या घरी जा. त्या प्रतीखाली उभं राहून तीन मंत्र्यांनी आणि किमान चारशे शास्त्रज्ञांनी फोटो काढून घेतले. एकाच्याही मानेला कळ लागली नाही.

ही प्रत छापली होती काचबाईंनी. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही. त्या स्वतःच ते सांगत होत्या आणि कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. ही सगळी हकीकत त्याचीच आहे.

काचबाईंचे वडील फोटो स्टुडिओ चालवत. नवऱ्या मुलांच्या पुटकुळ्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायचं काम बाई बाराव्या वर्षापासून करत होत्या. "अर्ध्या गावाचे संसार माझ्या पेन्सिलीवर उभे राहिले," असं त्या म्हणत. एकोणिसाव्या वर्षी संस्थेत अंधारखोलीच्या मदतनीसाची जागा निघाली. थोरल्या सरांनी, म्हणजे तेव्हाच्या प्रमुख प्राध्यापकांनी, मुलाखत घेतली ती अशी: पाच उमेदवारांना अंधारखोलीत तासभर बसवलं आणि स्वतःही बसले. दोघी बोलायला लागल्या, एक रडली, एक चक्क घोरली. पाचवी तासाच्या शेवटी म्हणाली, "सर, दाराच्या फटीतून उजेड येतोय. तिथे फडकं कोंबायला हवं." नोकरी तिला मिळाली. फडकंही तिनेच आणलं.

काम असं: डबा अधूनमधून फुंकारे टाकणार, कॅमेरा प्रत्येक फुंकाऱ्याला एक काच वापरणार. काचबाई ती काच अंधारात धुणार, वाळवणार, कोपऱ्यात सुईने नंबर कोरणार, आणि मग दुधी काचेच्या टेबलावर ठेवून भिंगाने रेघांवरून नजर फिरवणार. हजारांतल्या नऊशे नव्व्याण्णव काचांवर काही नसतं. ही कामं बायकांना देत, कारण बायका चिकाटीच्या असतात असं संस्थेचं मत होतं. बायकांचा पगार कमी असतो, हे मत नव्हतं. ते धोरण होतं.

पाचव्या वर्षी, चौदाशे सतराव्या काचेवर, एक रेघ भलतीकडे वळलेली दिसली. बाईंनी काच उचलून सरांकडे नेली. सरांनी एकदाच पाहिलं.

"काच उलटी ठेवली आहेस."

"नाही सर."

"उलटी ठेवल्याशिवाय असं वळण दिसणार नाही. जा, नीट बघ."

त्या गेल्या, नीट पाहिलं, परत आल्या. सरांनी पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला बाईंनी काच त्यांच्या टेबलावर आपटता आपटता ठेवली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. "नंबर वाचा. सरळ वाचता येतोय ना? मी नंबर नेहमी थराच्या बाजूने कोरते. नंबर सरळ तर काच सरळ. आता उलटं काय आहे ते तुम्ही शोधा."

सरांनी नंबर वाचला. मग त्यांनी ते वळण पट्टीने मोजलं, शिशानंतर ते जास्त आवळलंय, म्हणजे शिशात वेग घालवून कण खालूनच वर गेलाय हे पाहिलं, आणि खुर्चीत बसून चष्मा काढला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. शोधनिबंधावर तीन नावं छापली गेली. चौथं नाव आभारात आलं, 'काचा काळजीपूर्वक हाताळल्याबद्दल'. काच न फोडणं हे तेवढं मोठं कर्तृत्व होतंच म्हणा.

बाईंचे यजमान कॉइलमास्तर हे संस्थेच्या वर्कशॉपमधले. चुंबकाचं तांब्याचं वेटोळं त्यांनी हाताने गुंडाळलं होतं, अकरा महिने खपून. ते वेटोळं तापायचं, शेजारच्या खोलीतल्या काचांवर त्या उष्णतेने धुरकटपणा यायचा, म्हणून बाई भांडायला गेल्या. पहिली भेट अशी तक्रारीची झाली आणि विषय आजतागायत बदललेला नाही. रोज सकाळी चुंबकात प्रवाह सोडला की मास्तर नोंदवहीत लिहीत: प्रवाह इतका, क्षेत्राची दिशा कॅमेऱ्यापासून दूर, खाली सही. वेटोळ्याची टोकं त्यांनी डाख देऊन पक्की केली होती, त्यामुळे दिशा बदलायची सोयच नव्हती. तरी रोज लिहीत.

आता ती प्रत. शोधाला आठ वर्षं झाली होती. परदेशी पाहुणे यायचे होते आणि तेव्हाच्या संचालकांना सकाळी अकरा वाजता आठवलं की हॉलची भिंत रिकामी आहे. मोठी प्रत हवी, चार वाजेपर्यंत. हिवाळा होता. धाकट्या जावेने बाईंच्या फुटलेल्या ओठांकडे बघून सकाळीच व्हॅसलीनची डबी हातात कोंबली होती. "लावा हो जाऊबाई, बघवत नाही."

अंधारखोलीत काम करणारी माणसं काचेची बाजू डोळ्यांनी ओळखत नाहीत. कोपरा ओल्या ओठाला लावतात. रसायनाच्या थराची बाजू किंचित चिकटते, नुसत्या काचेची बाजू घसरते. तांबड्या दिव्यात निरखून पाहिलं तर फरक डोळ्यांनाही दिसतो, पण बाईंची सवय ओठांची होती आणि तेरा वर्षांत ओठ एकदाही चुकले नव्हते. त्यांनी कोपरा ओठाला लावला. घसरला. म्हणजे थर दुसरीकडे. दुसरी बाजू लावून पाहण्याची गरज तेरा वर्षांत पडली नव्हती. त्या दिवशीही वाटली नाही. नंबराचा कोपरा काळ्या कागदाखाली झाकलेला होता, कारण संचालकांना चित्रात आकडे नको होते. "पाहुण्यांसमोर आकडे बरे दिसत नाहीत," असं ते म्हणाले होते. भौतिकशास्त्राचे संचालक होते.

बाईंना नंतर तरी कसं कळलं नाही, हे मीही त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "काचेला दोन्ही बाजू असतात. मी दिवसभर ती दोन्हींकडून बघते. आरशातला माणूस तुम्हाला परका वाटतो का?" हे मला पटलं. ज्यांनी काच कधी हातात धरली नाही, ज्यांनी फक्त चित्रच पाहिलं, वर्गात शिकवलं, त्यावर भाषणं केली, त्यांच्याकडे ही सबब नाही.

कळलं ते असं. संस्थेची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या दर्शनी भिंतीवर, बारा फुटी काळ्या दगडात, ती रेघ कोरायची होती. कारागीर मोठा वाकबगार होता. नावासाठी दगड कोरायचा, पोटासाठी रबरी शिक्के. रेघ मधे कुठे तुटते ते बारकाईने बघायचं म्हणून त्याने मूळ काच मागितली. बाई तेव्हा निवृत्त होऊन मुदतवाढीवर जुन्या काचांचं दालन सांभाळत होत्या. त्यांनी चौदाशे सतरा काढून टेबलावर ठेवली. कारागिराने हॉलमधल्या चित्रावरून उतरवलेला पातळ कागद तिच्याशेजारी धरला, मान तिरकी केली, आणि कागद पालथा केला.

"बाई, तुमचं चित्र उताणं निजलंय की पालथं?"

"म्हणजे?"

"म्हणजे भिंतीवरचं याच्या उलटं आहे. मी शिक्केवाला. आमचा जन्म उलटं वाचण्यात गेला, आम्हाला फसवू नका."

बाईंनी नंबर पाहिला. कागद पाहिला. मग हॉलमध्ये जाऊन त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हाताची बोटं ओठांवर होती. तीस वर्षांपूर्वीची व्हॅसलीनची डबी त्यांना तिथे, त्या क्षणी आठवली.

"दगड कधी कापताय?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

तो बुधवार होता. बाई तडक संचालकांकडे गेल्या. हे संचालक नवे, सौजन्यमूर्ती. समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेऊन ते बाजूला ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"साहेब, हॉलमधलं चित्र उलटं आहे. उलटं मी छापलं."

"अहो बसा, बाई. पाणी घेणार?"

"पाणी नको. दगड थांबवा."

"असं कसं होईल? ते चित्र तीस वर्षं आहे तिथे."

"तीस वर्षं उलटं आहे."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"ते मला कसं विचारता? मी अंधारात बसते. उजेडात तुम्ही लोक बसता."

संचालक हसले. "हे बघा, इतक्या वर्षांनी स्वतःला असा दोष लावून घेऊ नका. तुमचं योगदान…"

"दोष लावून घेत नाहीये, तो आहेच माझा. तो घ्या आणि चित्र फिरवा. एवढंच आहे."

एवढंच नव्हतं. त्या चित्रावरून संस्थेचं बोधचिन्ह केलेलं होतं. लेटरहेड, पदक, टाय, बसची पाटी. एवढ्याने भागलं नव्हतं म्हणून आर्किटेक्टने नव्या इमारतीची एक बाजू त्याच रेघेसारखी वळवली होती आणि तिचा तिसरा मजला भरूनही झाला होता. चित्र सरळ केलं असतं तर दोन कोटी विटा ऋण ठरल्या असत्या.

समिती नेमली गेली. ती गुरुवारी आणि शुक्रवारी बसली. शनिवारी तिला तोडगा सापडला, आणि मला कबूल केलं पाहिजे की तोडगा बुद्धिमान माणसांचा होता. चित्र उलटं आहे ना? मग चित्राला हात लावायचा नाही. खालच्या मजकुरात चुंबकाची दिशा उलटी लिहायची. क्षेत्र कॅमेऱ्यापासून दूर नव्हे, कॅमेऱ्याकडे. उलट्याला उलट लावलं की कण पुन्हा धन. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष. इतिवृत्तात हे दोन शब्द अधोरेखित आहेत.

अडचण एकच उरली. दगडाखालच्या काचपेटीत ती जुनी नोंदवही उघडून ठेवायची होती, त्याच पानावर, आणि त्या पानावर मास्तरांच्या अक्षरात 'दूर' लिहिलेलं होतं. म्हणून रविवारी सकाळी संचालक स्वतः बाईंच्या घरी आले.

बाईंचं घर दोन खोल्यांचं. मास्तर पंख्याची मोटर उघडून बसले होते. टेबलभर स्क्रू, एका बशीत बेअरिंग. बुधवारपासून त्यांची चंगळ होती. चाळीस वर्षं ज्या बायकोने त्यांच्या हातच्या आमटीतल्या मिठाची चूक काढली, ती चुकली होती, आणि तीही फूटभर नव्हे, दोन फूट लांबीची चूक. "व्हॅसलीन संपलंय का गं घरातलं?" असं ते दर जेवणाआधी विचारत. बाई गप्प बसत. हे त्यांचं गप्प बसणं मास्तरांना तिसऱ्या दिवशी जड जाऊ लागलं होतं.

संचालकांनी कागद पुढे केला. मजकूर टाइप केलेला होता: 'सदर दिवशी प्रवाह विरुद्ध दिशेने सोडला गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खाली मास्तरांच्या सहीची जागा.

मास्तरांनी चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"नाकारता येत नाही म्हणजे? मी नाकारतो की. हा बसलोय नाकारायला."

"मास्तर, ही केवळ औपचारिकता आहे."

"टोकांना डाख होता, साहेब. दिशा बदलायची तर करवत लागली असती. माझ्या कॉइलला कुणी करवत लावली का? कधी? मला न सांगता?"

"तसं कुणी म्हणत नाहीये. निसर्गाच्या दृष्टीने बघाल तर दोन्ही सारखंच आहे. प्रवाह उलटा, चित्र उलटं, निष्कर्ष तोच."

"निसर्गाने नाही गुंडाळली ती. मी गुंडाळली. अकरा महिने. ही बघा बोटं."

बाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, चूक माझी आहे. ती यांच्या नावावर कशाला घालता?"

"चूक कुणाच्याच नावावर जात नाही, बाई. उलट तुमची चूक चूकच राहत नाही. तुम्हाला बरं वाटायला हवं."

मला वाटतं, तीस वर्षांतलं सगळ्यात संतापजनक वाक्य हेच असावं, आणि ते अत्यंत मऊ आवाजात बोललं गेलं. एका माणसाने प्रामाणिकपणे चूक कबूल केली. संस्थेने ती नाकारली, कारण संस्थेला ती परवडत नव्हती. त्याऐवजी दुसऱ्या, न चुकलेल्या माणसाने चुकावं अशी तिने विनंती केली. आणि हे सगळं ज्या संस्थेच्या नावाने चाललं होतं तिचा धंदा, निदान पाटीवर तरी, सत्यशोधनाचा होता.

मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि ती बेअरिंगच्या बशीखाली सरकवली, म्हणजे ग्रीसचा डाग टेबलाला लागू नये. "ही माझ्या मिठाला नावं ठेवते, साहेब," ते म्हणाले, "पण ही खोटं नाही बोलत. आणि मी कॉइल उलटी नाही गुंडाळत. आमच्या घरात एवढंच काय ते सामान आहे."

"तुम्ही दोघं हे फार वैयक्तिक घेताय," संचालक उठताना म्हणाले.

"माझी सही मागताय," मास्तर म्हणाले. "तिच्याइतकं वैयक्तिक दुसरं काय असतं हो?"

सोमवारी दगड कापला गेला. उलटाच. कारागिराने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याला सांगण्यात आलं की विषयाचा निर्णय तज्ज्ञ पातळीवर झालेला आहे. चुंबकाच्या दिशेबद्दल खालच्या मजकुरात मग एक अक्षर आलं नाही. तिथे कोरलं गेलं 'निसर्गाचे गूढ उकलणारी रेषा'. नोंदवही काचपेटीत ठेवली, पण मिटून. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की ती त्या काळच्या बांधणीकलेचा उत्तम नमुना आहे.

उद्घाटनाला बाईंना व्यासपीठावर बोलावलं. पुष्पगुच्छ देऊन झाला, 'दोन शब्द' बोलायची विनंती झाली. बाईंनी माइक हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आठशे माणसांसमोर बोलल्या. "मागचं चित्र उलटं आहे. तीस वर्षांपूर्वी मी काच चुकीच्या बाजूने घालून छापलं. ते आता दगडात कोरलंय. मी थांबवा म्हटलं होतं."

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि आख्खा मंडप टाळ्यांनी भरून गेला. पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने शेजाऱ्याला सांगितलं, "काय विनय आहे! आजकाल दिसत नाही." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती, 'विनम्रतेचा आदर्श', सोबत बाईंचा फोटो. त्यात त्या रागाने लाल झालेल्या होत्या, पण फोटो काळापांढरा होता.

इतकं होऊन प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण शाळेची पुस्तकं काढणाऱ्या मंडळाने नवीन विज्ञानाच्या पुस्तकासाठी त्या चित्राची प्रत मागितली. अर्ज नेहमीच्या रस्त्याने, कुणीही न वाचता, काचांच्या दालनात आला. बाईंनी प्रत छापली. या वेळी कोपरा ओठाला लावला, दोन्ही बाजूंनी, मग डोळ्यांनी बघितलं, मग भिंगाने. नंबर झाकला नाही. पुस्तक निघालं, लाखो प्रती वाटल्या गेल्या, आणि वर्षभराने एका शाळेच्या बाईंचं पत्र आलं: सहलीत मुलं विचारतात, पुस्तकातली रेघ एकीकडे वळते आणि तुमच्या भिंतीवरची दुसरीकडे, तर खरं काय?

मुलांनी विचारलं. चारशे शास्त्रज्ञांना जे सुचलं नाही ते आठवी-नववीतल्या पोरांनी डबा खाता खाता विचारलं.

संस्थेने मंडळाला तत्परतेने कळवलं की पुस्तकात छपाईचा दोष राहून गेला आहे, योग्य प्रत लवकरच पाठवत आहोत. आणि बाईंना निरोप आला: हॉलमधल्याप्रमाणे एक प्रत काढून द्या.

बाई पुन्हा त्याच खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "म्हणजे काच उलटी घालायची?"

"हॉलमधल्याप्रमाणे," संचालक म्हणाले.

"साहेब, तेव्हा माझ्या ओठांनी दगा दिला. आता मला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय. तेव्हा झालं ती चूक होती. आता सांगताय त्याला मी चूक नाही म्हणणार."

"बाई, हा आदेश समजा."

"मग लेखी द्या. 'काच उलटी घालून छापा.' एवढी एकच ओळ. लगेच छापते."

ती ओळ कुणी लिहीना. पहिल्या मसुद्यात होतं 'काच प्रचलित दिशेने ठेवावी'. बाईंनी शेरा मारला: 'प्रचलित ही दिशा नव्हे.' दुसऱ्यात होतं 'संस्थेच्या परंपरेस अनुसरून'. शेरा: 'काचेला परंपरा नसते, थर असतो.' तिसरा मसुदा आलाच नाही. महिनाअखेर बाईंची मुदतवाढ संपली आणि नियमानुसार ती पुढे चालू राहिली नाही. त्यांनी किल्ल्या दिल्या, चौदाशे सतरा नंबरची काच तिच्या पाकिटात घातली, पाकिटावर बाणाने थराची बाजू दाखवली आणि तेवीस वर्षं वापरलेला चहाचा मग घेऊन घरी आल्या. घरी बसून मंडळाला स्वतःच्या नावाने एक पत्र लिहिलं: तुमच्या पुस्तकातलं चित्र सरळ आहे, कोपऱ्यातला नंबर वाचून खात्री करा, दुसरी प्रत आली तर तिचा नंबर आधी वाचा.

मंडळाने या पत्रावर काही केलं नाही. संस्थेच्या पत्रावरही काही केलं नाही. दुरुस्त्या न करण्याची सवय सत्याच्या बाजूने क्वचित पडते. या खेपेला पडली. पुस्तक जसं होतं तसंच छापलं जातंय.

पण मुलं सहलीला येतातच, आणि पुस्तक घेऊन येतात. त्यावर संस्थेने उपाय केला आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय की कुणी विचारलं तर पुस्तकात चूक आहे म्हणून सांगायचं.

मागच्या महिन्यात मास्तरांचं औषध घेऊन येताना बाई तिथे शिरल्या. पहारेकरी नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. बाई दगडासमोर उभ्या राहून बघत राहिल्या तसा तो जवळ आला.

"पुस्तकाशी जुळत नाही ना, मावशी? सगळे तेच विचारतात. पुस्तकात चूक आहे."

"पुस्तकातलं मी छापलंय," बाई म्हणाल्या.

"अरेच्चा. मग चूक तुमची?"

"माझीच. पण पुस्तकातली नाही. ही." त्यांनी दगडाकडे बोट केलं.

पहारेकऱ्याने मान मागे टाकून बारा फूट उंच दगड पायापासून टोकापर्यंत पाहिला. मग बाईंकडे पाहिलं. बाई त्याच्या खांद्याला लागत होत्या.

"एवढी मोठी?"

"मोठी त्यांनी केली," बाई कडाडल्या. "माझी वीस बाय चोवीस इंचांचीच होती!"